दादाच्या पानावरचा फोटो

डिंकाला ‘डिंक’ हे नाव मी ठेवलं. आता ऑफिसात दोघं-तिघं सांगतात की त्यांनी ठेवलं, पण थापा आहेत त्या. तो पहिल्यांदा आला तेव्हा फोनपाशी मी बसले होते, आणि त्याच्याशी हुज्जत घालून घसा माझा बसला होता.

आमचं ऑफिस म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या, आणि मागे एक लहान खोली, तिच्याबद्दल नंतर सांगते. हरवलेल्या माणसांची माहिती आम्ही वेबसाइटवर लावतो. वाट चुकलेले म्हातारे, भांडून गेलेली पोरं, डोकं ठिकाणावर नसलेली माणसं. प्रत्येकाचं एक पान असतं. वर फोटो, खाली वय, उंची, अंगावरची खूण, शेवटचं कुठं दिसलं ते. संस्था डॉक्टरबाईंची. इस्पितळात बेवारस म्हणून आलेली माणसं बघून बघून त्यांचा जीव विटला, म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे काढलं. मी पहिल्यापासून फोन उचलते. सगळे मला मावशी म्हणतात, माझ्यापेक्षा थोराड पुरुषसुद्धा, आणि मला त्याचा मनस्वी राग येतो.

तर हा आला तो थोरल्या भावाचा फोटो घेऊन. फोटो फोनमध्ये, फोन बटणांचा, आणि पडद्यावरचा चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा. दादा दुपारी चप्पल घालून बाहेर पडला होता तो परत आला नव्हता. आधीपासूनच त्याचं मन थाऱ्यावर नव्हतं, औषधं चालू होती, ती त्याने बंद केली होती.

“आत्ता लावा,” हा म्हणाला.

“बाबा रे, रांग आहे. उद्या लागेल.”

“मी थांबतो.”

“उद्यापर्यंत?”

“हो.”

आणि खरंच बसला की बाकावर! मी चहा दिला, पाणी दिलं, जा म्हणून दरडावलं. ढिम्म हलला नाही. बसल्या बसल्या आमचा अडकलेला प्रिंटर दुरुस्त केला, वर मला विचारतो, “मावशी, फोनवर तुम्ही अशाच बोलता का? हरवलेला माणूस तुमचा आवाज ऐकून आणखी लांब पळेल.” भाऊ हरवलेला माणूस आणि ही जीभ! शेवटी डॉक्टरबाईंनीच त्याला कॉम्प्युटरपाशी बसवलं आणि त्याने स्वतःच्या हाताने दादाचा फोटो चढवला. साइट तेव्हा नवीकोरी होती, महिना झाला असेल नसेल.

दुसऱ्या दिवशी आला, कुणाचा फोन आला का विचारायला. तिसऱ्या दिवशीही आला. त्याची नोकरी एका फोटो स्टुडिओत होती, पासपोर्टच्या फोटोंवरचे डाग, मुरुमं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसायची. ती सुटली, कारण हा सदानकदा आमच्याकडे. मग डॉक्टरबाई म्हणाल्या, “येतोयच रोज, तर पगार तरी देऊ.” असा तो चिकटला तो चिकटलाच. उंच, जरा वाकलेला, शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावणारा. वेबसाइटचं सगळं तोच बघायचा. स्वभावाने गोड, पण काम हातात घेतलं की दुसऱ्याला हात लावू देणार नाही, मग त्यात दिवस बुडो की आठवडा.

घरी तो आणि आई, दोघंच. मी जायची अधूनमधून, त्यांना काकू म्हणायची. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीतून बसथांबा दिसायचा. काकूंना त्याने एक टॅब घेऊन दिला होता. सकाळी उठलं की तोंड धुवायच्या आधी त्या साइट उघडायच्या आणि दादाचं पान काढायच्या. फोटोत दादा हसतोय. डिंकाने त्याला काहीतरी वाकडंतिकडं बोलून हसवलं आणि पटकन टिपला, नाहीतर फोटो म्हटलं की दादा तोंड फिरवायचा. त्यामुळे घरात त्याचा दुसरा धड फोटोच नव्हता. शाळेचा एक होता, सगळ्या वर्गाचा, त्यात मागच्या रांगेत नुसते केस दिसायचे. बटणांचा फोन तर केव्हाच मेला होता.

“एखादा कागदावर काढून ठेव ना,” मी त्याला म्हटलंही होतं.

“साइटवर आहे की, मावशी. आई रोज बघते. अजून कुठं जाणारे?”

काकू मला म्हणायच्या, “ह्याला बघितल्याशिवाय मला दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही हो.” वर्षं जात होती. आशा म्हणू नये तर काय म्हणावं, आणि म्हणावं तर ती किती दिवस पुरवायची.

आता ती मागची खोली. आमच्या साइटला दुसरा एक भाग आहे, सापडलेल्या पण ओळख न पटलेल्या माणसांचा. त्यात जिवंत असतात आणि मेलेलेही. मेलेल्यांचा चेहरा आम्ही साइटवर लावत नाही. डॉक्टरबाईंचा तो दंडक आहे. मेलेल्या माणसाचा चेहरा जगाने चहा पिता पिता का बघावा, असं त्या म्हणतात, आणि बरोबरच आहे. म्हणून त्यांच्या पानावर नुसते कपडे, घड्याळ, चप्पल असल्या वस्तूंचे फोटो. चेहऱ्याचा फोटो इस्पितळातून परस्पर साइटच्या पोटात एका वेगळ्या कप्प्यात जातो, कुठल्याच पानाला न जोडलेला. कपडे ओळखून कुणी घरचं माणूस आलं, तरच मी त्याला मागच्या खोलीत नेते, बसवते, पाणी देते आणि तो एक चेहरा उघडते.

दुसराही एक दंडक होता. ज्याच्या स्वतःच्या घरचं माणूस हरवलंय, त्याने तो कप्पा उघडायचा नाही. डॉक्टरबाईंना वाटायचं की असा माणूस प्रत्येक मेलेल्या चेहऱ्यात आपलंच माणूस शोधत बसेल आणि वेडा होईल. आमच्याकडे असा एकच होता. त्याला कपड्यांची पानं करायला मुभा होती, कप्प्याला हात लावायला नव्हती. त्याने तो नियम कधी मोडला नाही. दयेपोटी केलेला नियम होता. त्या नियमाने काय केलं ते आता ऐका.

गेल्या वर्षी साइट नव्या सर्व्हरवर हलवायची ठरली. जुना सर्व्हर वारंवार मान टाकत होता, भाड्याची मुदतही संपत आली होती. एका कंपनीची पोरं आली. गोड बोलली, सोमवारी हलवतो म्हणाली, सोमवारी हलवलंही. मंगळवारी सकाळी मी साइट उघडली तर सगळ्या पानांवर फोटोच्या जागी राखाडी चौकोन! नाव आहे, वय आहे, ‘डाव्या गालावर तीळ’ असं लिहिलेलं आहे, आणि गालच नाही. हरवलेल्या माणसांची साइट आणि चेहरेच हरवलेले. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

पहिला फोन काकूंचा. त्या माझ्याशी नेहमी हळू बोलायच्या. त्या दिवशी ओरडल्या.

“अहो, माझ्या पोराचा फोटो गेला! त्याला शोधायला हवं कुणीतरी!”

डिंकाने फोन घेतला. “आई, फोटो आहे. नुसता पानापासून सुटलाय. आणतो मी. दोन दिवस दे.”

फोन ठेवला आणि कंपनीच्या पोराला असा काही झापला, की मला बरंच वाटलं. झालं होतं असं, की हलवताना सगळे कप्पे मोडून सगळ्या फाइली एकाच ढिगात पडल्या होत्या, आणि त्यांची नावं बदलून नुसते लांबलचक आकडे झाले होते. कुठल्या पानाला कुठला फोटो, हे कॉम्प्युटर विसरला होता. माणसाने बघून ठरवायचं. तीळ बघायचा, चष्मा बघायचा, वय बघायचं, आणि चेहरा त्याच्या पानाला जोडायचा.

दुसऱ्या कुणाकडून ते झालं नसतं. डिंक सकाळी येऊन बसायचा तो जेवायलासुद्धा मीच उठवायची. स्टुडिओत इतकी वर्षं चेहरे पुसले होते, आता जोडत होता. एखादं पान भरलं की मला हाक मारायचा, “मावशी, तुमच्या त्या रडक्या शिक्षकांची बायको लागली जागेवर. सांगा त्यांना.” मी फोन करून सांगायची. लोक फोनवर असे रडायचे की जणू माणूसच सापडलं.

“अरे, दादाचा आधी लाव ना,” मी म्हटलं.

“रांग आहे, मावशी.”

“माझी वाक्यं माझ्यावर उलटवू नकोस.”

मग हळूच म्हणाला, “शोधतोय हो. पहिल्या दिवसापासून. ढिगात अजून दिसला नाहीये.”

काकू रोज विचारायच्या. आधी घरी त्याला, मग फोनवर मला. तो नाही म्हणाला तर मी हो म्हणेन, अशी त्यांना वेडी आशा. मी आपली, “होईल हो काकू, कालच तर एवढे लागले,” म्हणायची आणि फोन ठेवून स्वतःवरच चिडायची.

पानं भरत आली आणि ढिगाचा तळ उरलाच, तो त्याने अजून नीट उघडून बघितला नव्हता. आमचं चिन्ह, जुन्या जाहिराती, एकाच फोटोच्या दोन-दोन प्रती, कुणाच्या तरी कुत्र्याचा फोटो देखील. कंपनीचा पोरगा फोनवर म्हणाला, “या फाइली कुठल्याच पानाला जोडलेल्या नाहीत. म्हणजे वापरात नाहीत. एक बटण दाबा, सगळं साफ.”

मी फोन हिसकावून घेतला. “खबरदार बटणाला हात लावलास तर! आमचं सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे जे कुठल्याच पानाला जोडलेलं नाही.” त्याला काही कळलं नाही. गाढवापुढे वाचली गीता. पण तेव्हा मला कळलं की मेलेल्यांचे चेहरेही याच ढिगात आलेत, कुत्र्याशेजारी आणि जाहिरातीशेजारी. कप्पा उरलाच नव्हता. डिंकालाही ते त्याच क्षणी कळलं. त्याने माऊसवरचा हात काढला आणि खुर्ची मागे सरकवली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, ढीग मावशी एकटी निवडेल. अहो, मी फोनवर बोलणारी बाई. मला फाइल उघडता येते, पण ती कुठं टाकायची, कशी टाकायची, त्यात माझी दांडी गुल. दुसऱ्याच दिवशी मी आमचं चिन्ह पुसून टाकलं. मग आम्ही दोघांनी एक तोड काढली. तो माझ्या शेजारी भिंतीकडे तोंड करून बसणार. मी एकेक फोटो उघडणार. मेलेला चेहरा असला तर मी म्हणायचं “माझा”, आणि तो न बघता सांगेल ते बटण दाबून वेगळा ठेवायचा. बाकी काही असलं तर म्हणायचं “बघ”, मग तो वळून काय ते करेल.

असे आम्ही दोन दिवस बसलो. “माझा.” “माझा.” “बघ.” तो वळायचा, जाहिरात उडवायचा, पुन्हा भिंतीकडे. मध्येच म्हणायचा, “मावशी, भिंतीला रंग देऊन घ्या, फार बोअर आहे हो.” मी म्हणायची, “गप, वर्गात बोलायचं नाही.” मेलेल्या माणसांच्या समोर बसून आम्ही हसत होतो. त्याचं मला आता काही वाटत नाही. हसलो नसतो तर बसवलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवण झाल्यावर, मी एक फोटो उघडला. म्हातारा माणूस. दाढी पांढरी, गाल आत गेलेले, डोळे अर्धे मिटलेले. ‘माझा’ म्हणायला तोंड उघडलं आणि माझं लक्ष त्याच्या कानाकडे गेलं. डाव्या कानाची पाळी फाटलेली, खालून दोन भाग झालेली.

दादाचं पान मी फोनवर इतक्या लोकांना वाचून दाखवलं होतं, की झोपेतसुद्धा म्हणेन. उंची अमुक, रंग सावळा, डाव्या कानाची पाळी लहानपणी दाराच्या कडीत अडकून फाटलेली.

“पुढं?” डिंक भिंतीला म्हणाला.

माझं तोंड आयुष्यात कधी बंद पडलेलं नाही. नवऱ्याशी भांडताना नाही, दवाखान्यात नाही, कुठंच नाही. ते तिथं पडलं. मला ‘माझा’ म्हणता येईना आणि ‘बघ’ म्हणता येईना.

“मावशी?”

मी पडद्यावर हात धरायला गेले. त्याआधी तो वळला होता.

तो ओरडला नाही. खुर्ची जवळ घेतली. माझ्या हातातला माऊस काढून घेतला, अगदी हळू, झोपलेल्या मुलाच्या हातातलं खेळणं काढतात तसा. कान मोठा करून बघितला. मग भुवया, मग कपाळ. स्टुडिओतल्या माणसाची नजर ती, दाढीखालची हनुवटी तिला दिसते. बराच वेळ तो बघत राहिला.

“दादा आहे,” तो म्हणाला.

फोटोतच, उशाशी इस्पितळाचा नंबर लिहिलेला होता. त्या नंबराचं कपड्यांचं पान त्याने उघडलं. मरून रंगाचा स्वेटर, चार बटणं त्याच रंगाची आणि एक पांढरं. ‘वय अंदाजे पंचावन्न.’ ते पान सहा वर्षांपूर्वीचं होतं. इस्पितळाने कानाबद्दल काही कळवलं नव्हतं आणि वय डोळ्यांनी अंदाजाने लिहिलं होतं. दादाने तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. रस्त्यावर राहिलेल्या माणसाचं वय दुप्पट वेगाने वाढतं, डॉक्टरबाई नेहमी सांगतात.

“हे पान मी केलंय,” डिंक म्हणाला. “आठवतंय तुम्हाला? मी म्हटलं होतं, बघा मावशी, कुणीतरी जीव लावून बटण शिवलंय, याला घर आहे कुठंतरी.”

मला आठवत होतं. मी म्हटलं होतं, असेल बाबा.

“स्वेटर आमच्या घरचा नाही. म्हणून मी... मी किती वेळा बघितलाय हा स्वेटर. परवा त्याचा फोटो मीच परत जोडला.”

मग तो रडायला लागला आणि मीही. काखेत कळसा अन् गावाला वळसा ही म्हण मी पूर्वी येता-जाता वापरायची, कुणाचा चष्मा डोक्यावर असला की हमखास. त्या दिवसापासून ती माझ्या तोंडून येत नाही.

डॉक्टरबाईंनी इस्पितळात स्वतः फोन केला. न्यूमोनिया. रस्त्यावरून कुणीतरी आणून सोडलं होतं, दोन दिवस होता, बोलण्याच्या अवस्थेत नव्हता. नंतर नंबर घालून पुरलं होतं. फोन ठेवल्यावर त्या डिंकासमोर आल्या आणि म्हणाल्या, “तो नियम माझा होता.” तो म्हणाला, “तुम्ही माझ्यासाठीच केला होता, डॉक्टर.”

मागच्या खोलीत त्याला मीच नेलं. घरचं माणूस म्हणून. पाणी दिलं, आणि सगळ्यांना विचारते ते त्याला विचारलं. मयताशी नातं काय? “धाकटा भाऊ.” ओळख कशावरून पटली? “कानावरून.” घरी आणखी कोण? त्यावर तो म्हणाला, “मावशी, तुम्ही चला माझ्याबरोबर.”

काकूंनी दार उघडलं. “आज लवकर? फोटो मिळाला का?”

“आई, बस.”

“बसते. आधी सांग, मिळाला?”

“दादा गेला, आई. सहा वर्षं झाली.”

काकू आत गेल्या. मला वाटलं पडतात की काय, म्हणून मागे धावले. त्यांनी गॅस बंद केला, भांड्यावर झाकण ठेवलं, हात पुसले आणि बाहेर येऊन बसल्या.

“कोण म्हणतं?”

“मीच बघितलं. इस्पितळातला फोटो आहे.”

“दाखव.”

“नको, आई.”

“दाखव म्हणते ना!”

त्याने टॅबवर काढून दिला. काकूंनी तो लांब धरला, मग जवळ धरला, मग चष्मा लावला. “हे तर कुणीतरी म्हातारं माणूस आहे रे.” आणि माझ्याकडे बघितलं, मी तरी शहाण्यासारखं काही बोलेन म्हणून. डिंकाने वाकून कान दाखवला. त्यांनी कानावर बोट ठेवलं. बोट लागल्याबरोबर तो मोठा झाला, सगळा पडदा भरून नुसता कान, आणि त्यांनी हात झटक्यात मागे घेतला.

“हो,” त्या म्हणाल्या. “हो. कडी मीच उघडली होती त्या दिवशी.”

मग रडल्या. रडता रडता जे बोलल्या ते माझ्या कानातून जात नाही. “असा दारात आला असता तर मी ओळखलं नसतं रे. मी त्या हसऱ्या पोराची वाट बघत होते. हा आला असता तर ‘पुढं हो बाबा’ म्हटलं असतं.”

“मीही नाही ओळखलं, आई,” डिंक म्हणाला आणि स्वेटरची सगळी हकीकत सांगितली. पांढऱ्या बटणाचीही. काकूंनी ते पानही बघायला मागितलं.

“कुणी शिवलं असेल हे?” मी विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

“त्यानेच,” काकू म्हणाल्या. “त्याला यायचं. मी दोघांनाही शिकवलंय.”

निघताना त्यांनी डिंकाला हाक मारली. “ते पान काढून टाक त्याचं. लोक उगाच शोधत बसतील.”

माणूस सापडलं की त्याच दिवशी पान बंद, फोटो काढून टाकायचा, असा आमचा रिवाज आहे. जिवंत सापडो की मेलेलं. त्या पानावर काढायला फोटो नव्हताच, राखाडी चौकोन होता. डिंक म्हणाला, तुम्ही करा. मी केलं. पहिल्यांदा भलतंच बटण दाबलं गेलं, ते त्याने निस्तरलं, मग पुन्हा मी.

चार दिवसांनी तो कामावर आला. मला वाटलं होतं, आता हा कशाला येईल? ज्याच्यासाठी चिकटला होता ते संपलं. पण ढीग उरला होता, आणि त्यातच कुठंतरी तो हसरा फोटो असणार होता. आता आईला पानावर नको होता, हातात हवा होता. आता भिंतीकडे तोंड करायचं कारण नव्हतं. तो सरळ बसला आणि शेवटच्या फाइलीपर्यंत सगळा ढीग उपसला.

मग एके दुपारी माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

“मावशी, फोटो नाहीये. मीच घालवला.”

त्याने समजावलं ते मला समजलं तसं सांगते. साइट प्रत्येक मोठ्या फोटोच्या आपोआप लहान प्रती बनवून ठेवते, यादीत दाखवायला. हलवायच्या आधी कंपनीने विचारलं होतं, लहान प्रती आणायच्या का? डिंकाने लिहून कळवलं, नका आणू, मोठ्यांवरून नव्या बनतील, उगाच कचरा. बरोबरच होतं. कुणीही तेच सांगितलं असतं. पण साइट नवी होती त्या पहिल्या वर्षी लोक बटणांच्या फोनमधले फोटो आणायचे. ते मुळातच लहान. त्यांना मोठी प्रत कधी नव्हतीच. कॉम्प्युटरने ते लहान प्रती समजून मागेच ठेवले, आणि जुना सर्व्हर महिन्याभरात बंद झाला, पुसलाही गेला.

“कंपनीला विचारलंस?”

“पाया पडायचा बाकी राहिलोय. नाहीये त्यांच्याकडे.” मग म्हणाला, “आईला सांगू नका. ढिगात सापडला नाही एवढंच सांगणार आहे.”

पहिल्या वर्षातल्या ज्यांचे ज्यांचे फोटो गेले होते, त्या सगळ्यांच्या घरी आम्ही फोन केले. बहुतेकांकडे दुसरा निघाला, लग्नातला, सहलीतला, कुणाच्या ओळखपत्रावरचा. तेही त्याने जोडले. शेवटचं पान भरल्यावर म्हणाला, “झालं मावशी. सगळ्यांनी पाठवले. एका दादाच्याच घरचे म्हणतात, आमच्याकडे दुसरा नाही.” आणि हसला. मला एक थोबाडीत द्यावीशी वाटली आणि जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही, चहा आणला.

मी त्याला एकदा म्हटलं, “तू स्टुडिओतला माणूस. त्या इस्पितळातल्या फोटोवरून दादा तरुण कर की. दाढी काढ, गाल भर, थोडा हसव. आईसाठी.” त्याने करून बघितलं. दोन-तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत बसायचा. मग पुसून टाकलं. “हसू माझ्या मनचं येतं, मावशी. त्याचं येत नाही,” म्हणाला.

आता आमच्याकडे नियम उलटा आहे. ज्याच्या घरचं माणूस हरवलंय, त्याची इच्छा असेल तर चेहरे त्याला दाखवायचे. मागच्या खोलीत डिंक बसतो त्यांच्याजवळ. माझ्यापेक्षा बरं करतो, कमी बोलतो म्हणून असेल.

परवा मी काकूंकडे गेले होते. सकाळचीच वेळ. त्या टॅब घेऊन बसल्या होत्या आणि पडद्यावर तोच, पांढऱ्या दाढीचा, अर्ध्या मिटलेल्या डोळ्यांचा.

“काकू, नका हो रोज रोज तो बघू,” मी म्हटलं. “बघवत नाही.”

“बघायला नको का?” त्या म्हणाल्या. “आधी परका वाटायचा. आता पटायला लागलाय. उद्या असा दारात आला, तर ओळखीन मी.”